हंडीतला खारीचा वाटा

आज बचतीचा विषय नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज मी तुम्हाला खारीची गोष्ट सांगणार आहे, आणि ती खार मारून, शिजवून खाण्याची गोष्ट आहे. कुणाला नकोसं वाटेल. वाटू दे, पण रेडिओ बंद करू नका.

विषय कसा निघाला ते आधी सांगते. डिसेंबरात आमच्या एका गटाची बैठक होती. पैसे गोळा झाले, वह्या भरून झाल्या. गारठा होता म्हणून कुणीतरी शेकोटी पेटवली आणि बायका लहानपणच्या थंडीतल्या खाण्यावर बोलायला लागल्या. कुणी पोपटीची आठवण काढली, कुणी वालाच्या बिरड्याची, कुणी तांदळाच्या भाकरीबरोबरच्या सुकटीची. गटात एक कातकरी आजी आहेत. त्या म्हणाल्या, "आमी खारी खायचो." सगळ्या हसल्या. खोटं कशाला बोलू, मीही हसले. आजींनी पदर तोंडाला लावला आणि त्या दिवशी पुन्हा बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांनी सुनेच्या हाती पैसे पाठवले.

मला ते लागून राहिलं. बी.ए.ला माझा इतिहास होता. त्यात अमेरिकाही होती. वॉशिंग्टन झाले, लिंकन झाले, यादवी युद्ध झालं. खार कुठेच नव्हती. आता या निमित्तानं शोधून वाचायला बसले, तर ज्या देशाला आपण श्रीमंत म्हणतो त्या देशाच्या चुलीवर दीडशे-दोनशे वर्षं हिवाळ्यात खार शिजत होती. आणि तिथेही एक गंमत दिसली. खारी मारणाऱ्यांचे आकडे सरकारी कागदावर आहेत, शिजवणारीचं नाव बहुतेक ठिकाणी नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातल्या प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. तेव्हा ही पाककृती समजून कुणी गलोल घेऊन बाहेर पडू नये.

तर, तिथली खार कशी असते? आपल्या अंगणातली खार शंभर ग्रॅमच्या आसपास, पाठीवर रामाच्या बोटांचे पट्टे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानात जी करडी खार आहे तिला पट्टे नाहीत, शेपूट झुबकेदार आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास. उंच डोंगरात तांबडी खार सापडते, ती पाव किलोचीही नसते आणि फार भांडखोर. डोंगरातले लोक तिला बूमर म्हणतात. करडी खार सोलून साफ केली की हातात साधारण अर्धंच वजन उरतं. म्हणजे एका घराच्या एका जेवणाला चार-पाच तरी लागायच्या.

या खारींचं सगळं जगणं झाडांवर. ओकची फळं, चेस्टनट, आणि हिकरी. हिकरी म्हणजे आपल्या अक्रोडाच्या भाऊबंदांतलं झाड, फळाला टणक कवच. पानगळीच्या आधी खार एकेक फळ वेगवेगळ्या जागी जमिनीत पुरून ठेवते आणि हिवाळाभर उकरून खाते. ती काही झोपून हिवाळा काढत नाही. बर्फातसुद्धा सकाळी आणि दुपार कलली की बाहेर पडतेच.

अ‍ॅपलाचियन नावाची डोंगररांग आहे, आपल्या सह्याद्रीसारखी लांबलचक. तिच्या दक्षिण भागात गोरे लोक यायच्या आधीपासून चेरोकी लोक राहत. त्यांच्यात घर आणि शेत बाईचं, मुलं आईच्या कुळातली. मका, घेवडा आणि भोपळा ही पिकं बायका काढत. मोठी शिकार पुरुषांची, आणि खारी, ससे, पाखरं ही पोरांची. पोरांचं हत्यार ऐकून मला हसू आलं, कारण ते आपल्या चुलीपाशी असतं. फुंकणी! फक्त ती सात-आठ फूट लांब. नदीकाठी बांबूच्या जातीचा वेळू उगवतो, तो आतून पोकळ करायचा. त्यात लाकडाची बारीक सळी, तिच्या मागच्या टोकाला काटेरी झाडाचा कापूस गुंडाळलेला, म्हणजे फुंकर वाया जात नाही. झाडाखाली उभं राहून जोरात फुंकायचं. आवाज नाही, धूर नाही, दुसरी खार बिचकत नाही.

आणलेली खार चेरोकी बाया सोलत नसत. विस्तवावर धरून केस जाळून टाकायचे, कातडी खरवडून धुवायची आणि मग शिजवायची. त्याच घरात उखळात हिकरीची फळं कवचासकट कुटून त्यांचे गोळे करून ठेवत, आणि लागेल तेव्हा गरम पाण्यात विरघळवून, गाळून दुधासारखं दाट सार करत. त्याला कनुची म्हणतात. म्हणजे बघा, ज्या फळावर खार जगायची त्याच फळावर बाईचाही डोळा. बाई आणि खार दोघी एकाच झाडाखाली वेचायच्या.

हे सगळं उठवलं गेलं. १८३० साली अमेरिकेनं कायदा केला आणि १८३८-३९ मध्ये चेरोकींना सैन्य लावून पश्चिमेकडे हाकललं. सुमारे सोळा हजार माणसं, त्यातली बरीचशी ऐन हिवाळ्यात वाटेवर. चार हजारांच्या आसपास दगावली असा अंदाज सांगतात. काही शे माणसं डोंगरात लपून राहिली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि कनुची अजून करतात.

आता गोऱ्या शेतकऱ्यांचं ऐका. त्यांना खार आधी दिसली ती चोर म्हणून. रान तोडून मका पेरला की खार पेरलेला दाणा उकरायची, कणीस भरलं की सोलून खायची. आपल्याकडे रानडुकरानं भात लोळवला की जसा जीव जळतो तसं. पेन्सिल्व्हेनियात सरकारनं एका खारीमागे तीन पेन्स बक्षीस लावलं. पेटर काल्म नावाचा एक स्वीडिश अभ्यासक त्या काळात तिथे फिरत होता. त्यानं लिहून ठेवलंय की १७४९च्या जानेवारीपासून पुढच्या जानेवारीपर्यंत सरकारनं आठ हजार पौंड वाटले. हिशोब तुम्हीच करा, आपण गटात व्याज काढतो तसा. एका पौंडात २४० पेन्स. म्हणजे ६,४०,००० खारी! तरणी पोरं कामधंदा सोडून रानात पळायला लागली, आणि शेवटी तिजोरी रिकामी होतेय म्हटल्यावर सरकारनं बक्षीस अर्ध्यावर आणलं.

ओहायो राज्य त्याच्याही पुढे गेलं. १८०७ मध्ये तिथे कायदा झाला की कर भरणाऱ्या प्रत्येकानं कराबरोबर खारीच्या डोक्याची कातडीही जमा करायची. दहापासून शंभरापर्यंत, ज्याच्या त्याच्या करानुसार. कमी पडल्या तर दंड. कोलंबस गावाजवळ १८२२ साली मोठी हाकाटी शिकार झाली, तिची नोंद १९,६६० कातड्यांची आहे. पुढे १८६२ मध्ये यादवी युद्धात सिनसिनाटी शहरावर चाल होणार अशी बातमी आली तेव्हा ओहायोचे हजारो शेतकरी खारी मारायच्या आपापल्या बंदुका घेऊन धावून गेले. त्यांना 'खार-शिकारी' हेच नाव पडलं आणि सरकारनं छापील प्रमाणपत्रं दिली.

आता या सहा लाख चाळीस हजार खारींचं पुढे काय झालं? डोकी कारकुनानं मोजून घेतली. बाकीची खार घरी गेली असणार. तिथून पुढचं कुणी मोजलेलं नाही.

तर आपण घरात जाऊ.

डोंगरातल्या शेतकऱ्याचं वर्ष डुकरावर चालायचं. पहिली कडक थंडी पडली, साधारण नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात, की डुक्कर कापायचं, मिठात मुरवायचं, धुरावर टांगायचं आणि ते वर्षभर पुरवायचं. थंडीच्या आधी कापलं तर मांस नासतं. म्हणजे शरद ऋतूच्या शेवटी मागच्या वर्षीचं मांस संपलेलं आणि नवं डुक्कर अजून खुराड्यात उभं. आपल्याकडे श्रावणात जुने तांदूळ संपतात आणि नवे शेतात उभे असतात, तसलेच ते दिवस. त्या खड्ड्यात खार भर घालायची. शिवाय हिवाळाभर तेच ते खारट मांस खाऊन जीव विटायचा, तेव्हा ताजं मांस म्हणून पुन्हा खारच.

हिवाळाच का, याला आणखी एक कारण होतं. उन्हाळ्याच्या शेवटी एका जातीच्या माशीच्या अळ्या खारीच्या कातडीखाली वाढतात. बोटाच्या पेराएवढी गाठ येते, बघून शिसारी येते. पहिलं दहिवर गोठलं की त्या अळ्या दिसेनाशा होतात. म्हणून जुनी माणसं सांगत, जमीन पांढरी झाल्याशिवाय खार आणू नका. तोवर खार फळं खाऊन लठ्ठही झालेली असायची आणि पानं झडल्यानं फांदीवर दिसायचीही.

शिकारीची रीत साधी होती, पण संयम फार लागे. पहाटे रानात जाऊन हिकरीच्या बुंध्याला पाठ लावून बसायचं आणि कान द्यायचा. वर कुरतडल्याचा आवाज येतो, टरफलं खाली पडतात, तेव्हा मान वर करायची. खार मोठी बिलंदर, माणूस दिसला की खोडाच्या पलीकडे सरकते. म्हणून दोघं जात. एकानं झाडाला वळसा घालायचा, त्याला चुकवायला खार अलीकडे आली की दुसऱ्यानं नेम धरायचा. दारू आणि शिसं विकत आणावं लागे, त्यामुळे एका खारीला एकच गोळी. बंदुकीची नळीही बारीक तोंडाची, नाहीतर एवढ्याशा जनावराच्या चिंध्या व्हायच्या. ऑड्युबॉन या प्रसिद्ध पक्षीचित्रकारानं लिहिलंय की केंटकीतले पटाईत शिकारी खारीला गोळी लावतच नसत. ती बसलेल्या फांदीच्या सालीवर मारत. साल उडते, त्या धक्क्यानंच खार मरून पडते आणि मांस शाबूत राहतं.

खार दारात आली की पुढचं काम सुरू. मैत्रिणींनो, हे काम सोपं नाही. कोंबडी सोलणाऱ्या बायांना कळेल. खारीची कातडी अंगाला घट्ट असते आणि खार थंड झाली की निघता निघत नाही. एकेक केस मांसाला चिकटतो. म्हणून आधी ती पाण्यात बुडवून ओली करायची. शेपटीच्या मुळाशी खालून चीर द्यायची, शेपूट पायाखाली दाबून धरायची आणि मागचे पाय धरून वर ओढायचं. सदरा काढावा तशी पुढची कातडी निघते, मग विजार काढावी तशी मागची. पुढच्या पायांच्या काखेत बारीक गाठी असतात त्या काढून टाकायच्या, नाहीतर रस्शाला उग्र वास येतो. मग रात्रभर मिठाच्या पाण्यात.

सकाळी बाई आधी खारीचं वय बघणार. सोलताना कातडी सहज निघाली आणि पाय लवचिक असले तर कोवळी. ती पिठात घोळवून डुकराच्या चरबीत तळायची, मग त्याच कढईत उरलेल्या चरबीला पीठ लावून दूध ओतायचं, की दाट रस्सा तयार. जून निघाली तर तळून काही उपयोग नाही. लोखंडी भांड्यात तास-दोन तास मंद शिजवायची, मांस हाडापासून सुटलं की हाडं काढायची आणि उकळत्या रस्शात पिठाचे गोळे सोडायचे. आपण आमटीत वरणफळं सोडतो ना, तसेच. बरोबर मक्याची भाकर. चार खारी, मूठ-दोन मूठ पीठ आणि सात-आठ माणसं जेवतात. मांस थोडं आणि ताटं जास्त, हे गणित कुठल्याही देशातल्या बाईला शिकवावं लागत नाही.

तांबड्या बूमरचं मांस पाइनच्या बिया खाऊन राळेसारखं लागतं, आणि असतंही एवढंसं. दुसरं काही मिळालं नाही तरच ती हंडीत जायची.

हे झालं ज्यांची स्वतःची चूल होती त्यांचं. त्याच दक्षिणेत गुलामही होते. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामगिरीतून पळालेले. त्यांनी १८४५च्या आपल्या आत्मकथेत शिधा किती मिळायचा ते लिहिलंय. मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढे मासे, म्हणजे साडेतीन किलोच्या थोडं वर, आणि मक्याचं पीठ. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत शेतात राबणाऱ्याला महिनाभरासाठी एवढंच. मग उरलेलं पोट रानावर. खार दिवसा हिंडते आणि दिवस मालकाचा. त्यामुळे रात्री हिंडणारे प्राणी जास्त पकडले जायचे आणि खार रविवारी, नाहीतर फासे लावून. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर गुलामांच्या राहत्या घराच्या तळघरात उत्खनन झालं. तिथे मासे, पाखरं आणि रानातल्या लहान प्राण्यांची हाडं सापडली, बंदुकीचे छरेही सापडले. वॉशिंग्टन यांची पत्रं कपाटात जपलेली आहेत. त्यांच्या गुलामांनी काय खाल्लं ते मात्र उकिरड्यातून काढावं लागलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते अमेरिकेत गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलंय. पुण्यात बसून त्यांना तिकडचं दुःख आपल्या दुःखाच्या शेजारचं दिसलं होतं.

याच गुलामीच्या काळातली एक गोष्ट व्हर्जिनियात आजही सांगतात. साल १८२८, गाव ब्रन्सविक परगण्यातलं. क्रीड हॅस्किन्स नावाचे डॉक्टर, विधिमंडळाचे सदस्य, मित्रांना घेऊन नदीकाठी शिकारीला गेले. बरोबर स्वयंपाकाला जिमी मॅथ्यूज नावाचा काळा माणूस. साहेब लोक मोठ्या शिकारीमागे गेले. मॅथ्यूजनं तळाच्या आसपास खारी मारल्या आणि लोणी, कांदे, शिळा पाव घालून त्या हळूहळू शिजवत ठेवल्या. साहेब परतले, आधी नाकं मुरडली, मग चाखून बघितलं आणि परत परत वाढून घेतलं. तोच 'ब्रन्सविक स्ट्यू'. पुढे त्यात मका, टोमॅटो आणि डबल बीचे दाणे आले. जॉर्जिया राज्यातही ब्रन्सविक नावाचं शहर आहे, ते म्हणतं स्ट्यू आमचाच, आणि पुरावा म्हणून लोखंडी हंडा दाखवतं. व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं तर १९८८ साली ठराव करून आपल्या परगण्याला मान दिला. माझं मत विचाराल तर दोघांचंही भांडण फुकट आहे. मका, घेवड्याचे दाणे आणि रानातलं मांस एका भांड्यात शिजवणाऱ्या बाया तिथे या दोन्ही गावांच्या आधी शेकडो वर्षं होत्या. पण जिमी मॅथ्यूजचं नाव तेवढं राहिलं, हे चांगलं झालं. स्वयंपाक्याचं नाव गोष्टीत टिकलेलं क्वचित सापडतं.

१८७९ साली मेरियन कॅबेल टायरी या बाईंनी 'हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया' हे पुस्तक काढलं. अडीचशे बायांकडून पाककृती गोळा केलेल्या. त्यात या स्ट्यूच्या एका कृतीत दोन कोंबड्या घ्या किंवा तीन-चार खारी घ्या, असं सहज लिहिलंय. म्हणजे तोवर खार ही लाजेची गोष्ट नव्हती, चांगल्या घरच्या बाया छापील पुस्तकात देत होत्या. अर्थात त्या घरांतली हंडी ढवळणारे हात बहुतेक काळ्या बायांचे होते, आणि अडीचशेच्या यादीत त्यांना जागा नव्हती.

मग खार हंडीतून गेली कशी? थोडी कायद्यानं, थोडी बाजारातल्या स्वस्त कोंबडीनं. पण मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते चेस्टनटचं मरण.

चेस्टनट हे त्या डोंगराचं कल्पवृक्ष. ओकला एका वर्षी फळ लागतं, दुसऱ्या वर्षी दगा. चेस्टनट उशिरा फुलतं, त्यामुळे मोहराला गारठा लागत नाही आणि दरवर्षी फळ नक्की. खारी त्यावर, रानात सोडलेली डुकरं त्यावर. बाया आणि पोरं पोतीच्या पोती वेचून दुकानदाराला देत आणि बदल्यात मीठ, कॉफी, पोरांचे हिवाळ्याचे बूट आणत. रोख पैसा घरात यायचा तो या वेचणीतून. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात या झाडांवर एक बुरशी दिसली, परदेशातून आणलेल्या रोपांबरोबर आलेली. ती सालीत शिरते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. पन्नास वर्षांच्या आत जवळजवळ चारशे कोटी झाडं गेली. रान उजाड झालं नाही, ओक आणि हिकरी त्या जागी आले. पण दरवर्षीची खात्री गेली. खारी घटल्या, वेचणी संपली, आणि त्याच सुमाराला १९३०च्या दशकातली महामंदी आली. कुणाच्या हाती कुऱ्हाड नव्हती, कुणी कायदा केला नव्हता, तरी बाईच्या हातातला पैसा गेला. आपल्याकडे मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायांना मी हे सांगितलं तर त्यांना चित्र काढून दाखवावं लागणार नाही.

मंदीच्याच काळातली एक बाई सांगून पुढे जाते. सेंट लुइस शहरातल्या अर्मा रोम्बाउअर. नवरा गेला, हाताशी थोडी पुंजी. १९३१ मध्ये त्यांनी त्या पुंजीतून स्वतःच पाककृतींचं पुस्तक छापलं, 'द जॉय ऑफ कुकिंग'. तीन हजार प्रती. पुढे ते घराघरांत गेलं. नंतरच्या आवृत्त्यांत खार सोलायची रीत चित्रासकट आहे, शेपटीवर बूट ठेवून ओढायची, मघाशी सांगितली तीच. शहरातल्या बायांनी ते पान बघून नाक मुरडलं असणार, पण पुस्तकात ते होतं.

आता तिथे खार मारायला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो. केंटकीत एका माणसाला दिवसाला सहाच. आणि एक सावधगिरीची गोष्ट. तिथे खारीचा मेंदू अंड्यात घालून खायची जुनी रीत होती. १९९७ साली केंटकीच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कळवलं की मेंदू झिजवणाऱ्या एका दुर्मीळ आजाराचे पाच रुग्ण त्यांनी पाहिले आणि पाचही जणांनी खारीचा मेंदू खाल्लेला होता. संबंध पक्का सिद्ध झाला नाही, पण मेंदू खाऊ नका असं त्यांनी सांगितलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजींच्या घरी गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून शब्द निघेना, म्हणून सरळ ही गोष्टच सांगायला लागले. ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं. सहा लाखांवर त्या काही बोलल्या नाहीत. वॉशिंग्टनवरही नाही. मग म्हणाल्या, "त्या बाया सोलायच्या का भाजायच्या?"

मी म्हटलं, गोऱ्या सोलायच्या, त्यांच्या आधीच्या भाजायच्या.

"भाजायचीच. सोलली का समदी चव जाती," आजी म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. भाऊ गलोलीनं मारायचा, आई कोळशावर भाजून राखेनं घासायची, मीठ-मिरची लावून मडक्यात शिजवायची. पाच भावंडांत दोन खारी. आईच्या वाट्याला रस्सा. यांच्या वाट्याला शेपूट यायची, खेळायला.

आईचं नाव मी विचारलं. त्यांनी सांगितलं, पण रेडिओवर घेऊ नको म्हणाल्या, म्हणून घेत नाही.